मेणबत्ती घरीच राहिली

कोकराचं मटण शिजलं होतं आणि कान्यो उताराखालच्या गुहेतल्या पिंपातली वाइन घेऊन अजून परतला नव्हता. इंकोरोनाताने भांड्यावर झाकण ठेवलं, हात पुसले आणि तिची नजर दाराजवळच्या कोनाड्यात गेली. मेणबत्ती तिथेच होती.



"गेरार्दो! बाबा मेणबत्ती न घेता गुहेत गेलेत!"

तुरिन शहरातून सुट्टीवर आलेला मुलगा रश्शात पाव बुडवत होता. "आई, मी दिवा बसवून दिलाय ना तिथं? आता मेणबत्ती कशाला?"

उत्तर द्यायला ती थांबलीच नाही. मेणबत्ती उचलून तशीच उतारावरून धावत सुटली. ऑक्टोबर होता. गावातल्या गुहागुहांतून नवा द्राक्षरस फसफसत होता, आणि त्यातून सुटणारी जड हवा खाली साचत जाते. तिथं माणसाला श्वास मिळत नाही. मेणबत्ती विझली की माघारी फिरायचं, हे वुल्तुरेच्या डोंगराखालच्या शेंबड्या पोरालाही कळतं. विजेचा दिवा काही त्या हवेत विझत नाही. तुरिनला राहिलं की असलं विसरायला होतं.

बरं, घरात बाटली नव्हती असंही नाही. पण कान्योचे चोचले! कोवळी आल्यानिको वाइन जीभ आवळते म्हणे. कोकराच्या चरबीला जुनीच हवी, ती सगळ्यात आतल्या, सगळ्यात खोल पिंपातली.

गुहेचं दार सताड उघडं होतं. आत दिवा लख्ख.

"कान्योऽऽ!"

कुणी ओ दिली नाही. तिने मेणबत्ती पेटवून दाराशी ठेवलेल्या लांब काठीला अडकवली आणि पायऱ्यांवरून खाली सोडली. ज्योत बारीक झाली आणि विझली.

मागून धावत आलेला गेरार्दो पुढे घुसला. तिने त्याचा पट्टा धरला.

"सोड, आई! बाबा आत आहेत!"

"म्हणूनच नाही जायचं. आधी एक पडतो, मग त्याला काढायला गेलेला पडतो."

"म्हणजे मरू द्यायचं त्यांना?"

ती उंबऱ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी चौकट धरली. "बंबवाल्यांना फोन कर. हवेची नळकांडी घेऊन या म्हणावं. जायचंच असेल, तर माझ्या अंगावरून जा."

पाठीमागे पायऱ्या होत्या आणि तिने मान वळवली नाही. वळवली असती, तर आधी तीच उतरली असती.

गेरार्दोला धड नंबरही लावता येईना. तेवढ्यात वळणावरून आवाज आला.

"काय गं, वाट अडवून बसलीस?"

कान्यो. हातात शेजारच्या तेओदोसिओची सुरई. "दिवा लावला आणि मग कळलं, मेणबत्ती घरीच राहिली. म्हटलं, आज तेओदोसिओकडची घेऊ. पण तो सोडतोय होय! चीज खा, वर एक पेला घे, पुन्हा चीज खा..."

"मेल्या!" ती उठली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारत सुटली. सुरईतली अर्धी वाइन रस्त्यावर सांडली.

जेवताना उरलेल्या वाइनला कुणी नावं ठेवली नाहीत. एरवी कान्योच्या मते तेओदोसिओची वाइन फक्त कोशिंबिरीवर शिंपडायच्या लायकीची. त्याने सगळी हकिकत ऐकली, आधी हसला, मग हसायचा थांबला.

"आणि मी खरंच खाली असतो तर?"

गेरार्दोने मान खाली घातली. इंकोरोनाता वाढत होती. सगळ्यात मोठा तुकडा तिने कान्योच्या ताटात घातला.

"तर आज माझं आणि गेरार्दोचं, दोघांचं वाढलं असतं," ती म्हणाली, "माझ्या एकटीचं नाही."