माणशी एक बाटली

बाबांनी दारू सोडली त्याला चार वर्षं झाली, म्हणून लेकीनं मोठ्या कौतुकानं आईबाबांना क्रूझच्या सहलीला नेलं. जहाजावर चढण्याआधी तपासणीच्या टेबलावर अधिकाऱ्यानं आईबाबांच्या बॅगेतली शॅम्पूची बाटली उघडली, हुंगली आणि म्हणाला, "माणशी एक सीलबंद वाइनची बाटली नेता येते. अशी लपवून आणलेली नाही चालत. कुणाची आहे ही?"

मागची रांग थबकली. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, पुन्हा?"

बाबांनी बाटलीकडे पाहिलं. ना राग आला, ना लाज वाटली.

"माझीच आहे," ते म्हणाले आणि पुढे केलेल्या कागदावर त्यांनी सही केली. अधिकाऱ्यानं वाइन बेसिनमध्ये ओतून दिली. लेक पुढे निघून गेली.

केबिनमध्ये आल्यावर बाबा पलंगाच्या कडेला बसले. आईनं दार लावलं आणि ती तिथेच पाठमोरी उभी राहिली.

 

"मी पिते," तिनं विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"