साक्षरतेचा रविवार

जाईबाई चर्चच्या पुलपिटवर चढल्या, चष्मा सारखा केला आणि पुस्तकावर बोट ठेवून वाचायला लागल्या.

पहिलं वाक्य व्यवस्थित पार पडलं. पुढच्या बाकावर बसलेल्या कालिंदीबाईंनी मान डोलावली, मागच्या बाकापर्यंत दिसेल अशी. परळच्या त्या ख्रिस्ती मंडळीत आज साक्षरतेचा रविवार होता, म्हणजे खरं तर कालिंदीबाईंचाच. मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं सुटकेचा निःश्वास टाकला असणार. मंडळीच्या नशिबी ते नव्हतं. दर रविवारी उपासना संपली की मागच्या हॉलमध्ये संडेस्कूलच्या बुटक्या खुर्च्यांवर त्या साठीच्या बायकांना बसवत, अक्षरं गिरवून घेत आणि त्यांना 'मुलींनो' म्हणत.

आजच्या वाचनासाठी त्यांनी मुद्दाम एक स्तोत्र निवडलं होतं. मंडळीतल्या लहानथोरांना ते तोंडपाठ होतं, त्यामुळे फजितीचा प्रश्नच नव्हता. वर जाईबाईंना बजावलंही होतं की पाठच करून या, पुस्तक नुसतं समोर असू द्या.

"पाठ तर मला लग्नाआधीपासनं हाय बाई," जाईबाई म्हणाल्या होत्या. "मग शिकले कशाला? येकदा तरी बघून वाचू द्या."

कालिंदीबाईंना तो उद्धटपणा वाटला होता.

दुसऱ्या वाक्याला जाईबाईंच्या तोंडून भलताच शब्द निघाला. कालिंदीबाईंनी खालून नेहमीचा शब्द पुरवला. जाईबाई थांबल्या, पुस्तकात पाहिलं आणि मघाचाच शब्द पुन्हा वाचला. बाकांवर चुळबुळ झाली. कोणीतरी 'बिचारी' म्हणालं.

बिचारीचं काहीच चुकलं नव्हतं. पुलपिटवरचं जुनं शास्त्र, म्हणजे बायबल, बांधणीतून निसटलं, म्हणून सेक्रेटरी शरच्चंद्र यांनी वडिलांच्या स्मरणार्थ नवीन आणून दिलं होतं. त्यातलं भाषांतरही नवं होतं, आजच्या साध्या मराठीतलं. पहिल्या पानावर वडिलांचं नाव सोनेरी छापलंय ना, एवढं शरच्चंद्रांनी नीट पाहिलं होतं. पुढचं पान उलटण्याची गरज त्यांना पडली नाही. पाळकसाहेब मोबाइलवरून वाचायचे. उरलेल्यांना सगळं पाठ होतं, त्यामुळे पुस्तक उघडणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्या पानावर काय छापलंय हे तिथे एकट्या जाईबाई बघत होत्या आणि बाकीचे सगळे त्यांची कीव करत होते.

जाईबाई नेटानं पुढे वाचत राहिल्या. आणखी एक शब्द वेगळा आला, मग एक अख्खं वाक्य. तेव्हा शरच्चंद्रांना राहवेना. आपला आवाज भारदस्त आहे असं त्यांना कोणीतरी तरुणपणी सांगितलं होतं. त्या आवाजात ते मदत म्हणून जुनं स्तोत्र म्हणू लागले. त्यांच्यामागून कालिंदीबाई, मग पाळकसाहेब आणि बघता बघता सगळी मंडळी सुरात सूर मिसळून म्हणू लागली. किती कनवाळू माणसं.

जाईबाईंचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी वर पाहिलं. मागच्या बाकावर त्यांची सून दर्शनासुद्धा डोळे मिटून तेच म्हणत होती. जाईबाईंनी पुन्हा पानाकडे पाहिलं, पुन्हा माणसांकडे पाहिलं. एवढी सगळी शिकलेली माणसं एकदम कशी चुकतील? त्यांनी पुस्तकावरचं बोट उचललं, नजर समोर भिंतीवर लावली आणि सगळ्यांबरोबर घडाघडा म्हणू लागल्या, कुठेही न अडखळता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. जाईबाईंच्या अंगावर शाल पडली. कालिंदीबाईंनी माइक हातात घेतला आणि काल अक्षर न ओळखणाऱ्या आपल्या भगिनी आज शास्त्र कशा वाचतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंच, असं सांगून स्वतःच गहिवरल्या.

नंतर हॉलमध्ये चहा आणि समोसे होते. कालिंदीबाई जाईबाईंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या की घाबरलात ना, तरी मी सांगत होते, शेवटी पाठच कामाला आलं.

"बाई, पुस्तकात येगळंच दिसत व्हतं मला," जाईबाई हळूच म्हणाल्या.

कालिंदीबाई हसल्या. "होतं असं या वयात. चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

पुस्तक पुलपिटवर तसंच उघडं होतं. बशी खाली ठेवून कोणी तिकडे गेलं असतं तर चहा निवायच्या आत सगळा उलगडा झाला असता. पण समोसे गरम होते. शरच्चंद्रांनी दुसरा घेतला. जाईबाईंनी शाल घडी करून पिशवीत टाकली.

सासू-सुना बसस्टॉपवर येऊन उभ्या राहिल्या. भोईवाड्याच्या बाजूनं एक बस येताना दिसली. दर्शना मान खाली घालून मोबाइलवर तिकीट काढत होती.

"आई, कुठली आहे बघा जरा."

बस जवळ आली. कपाळावर ठळक मराठी अक्षरांत 'शीव' लिहिलेलं होतं. ती त्यांचीच बस होती. जाईबाईंनी त्या अक्षरांकडे नीट पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"तूच बघ बाय," त्या म्हणाल्या. "मला न्हाई वाचता येत."