नियमित माणूस

मुलांनो, लालबागच्या चाळीतली एक खोली डोळ्यांसमोर आणा. एका भिंतीला चूल, दुसऱ्या भिंतीला कपड्यांची दोरी, आणि मध्ये घाईघाईने अंथरलेली सतरंजी, कारण कामगार विम्याच्या कचेरीतले एक कारकून घरी आले आहेत. आता कोपऱ्यात नऊ वर्षांची कांता बसवा. तिने परकराचा काठ तोंडात धरला आहे. आईने बजावलंय, साहेब जाईपर्यंत खोकायचं नाही.

साहेबांचं नाव प्रधान. त्यांचं काम असं, की विम्याचे डॉक्टर गिरणी कामगाराला औषधाची चिठ्ठी देतात, दुकानदार चिठ्ठी ठेवून घेतो, गोळ्या देतो, आणि महिनाअखेर चिठ्ठ्यांचा गठ्ठा कचेरीत पाठवतो. प्रधान त्या चिठ्ठ्या टेबलावर मांडून ज्याच्या त्याच्या नंबराखाली लावतात. औषध कोण वेळेवर नेतो, कोण मध्येच सोडतो, सगळं दिसतं.

"माणूस न बघता मी माणूस सांगतो," ते कांताच्या वडिलांना, रामजीला, म्हणाले. "तुम्ही कोकणातले लोक शिमग्याला गेलात की तुमच्या चिठ्ठ्या दिवा घेऊन शोधाव्या लागतात! पण रामजी, तुमची स्वतःची? दर पंधरा दिवसांनी हजर. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं बंद, रस्त्यावर कर्फ्यू, त्या आठवड्यात अख्ख्या लालबागमधून चार चिठ्ठ्या आल्या. त्यातली एक रामजीची. अहो, पोलिसांनी सोडलं कसं?"

"खोकून दाखवलं," रामजी म्हणाला. "ते आपणहून लांब सरकले."

प्रधान मोठ्याने हसले. कांतालाही हसू आलं, आणि हसण्याबरोबर खोकला वर आला. तिने काठ आणखी आत कोंबला.

तिच्या आईने, सुंदराबाईने, पानाचं तबक पुढे केलं. प्रधानांनी सुपारी घेऊन अडकित्ता उचलला. पात्यावर पांढरी भुकटी होती.

"द्या साहेब, मी कातरते." सुंदराबाईने तो त्यांच्या हातातून काढूनच घेतला आणि पदराने पुसला. "चुना लागलाय त्याला."

चुना नव्हता. रोज दिवेलागणीला ती रामजीची क्षयाची गोळी त्याच अडकित्त्यात धरून दोन तुकडे करायची. अर्धी रामजीला, अर्धी कांताला. विमा गिरणीत जाणाऱ्याचा होता. खोकला दोघांचा होता.

प्रधानांनी पान लावलं, पण खाल्लं नाही.

"तुमचा छातीचा नवा फोटो आला," ते म्हणाले. "डाग वाढलाय. दुसरा कुणी असता तर डॉक्टर म्हणाले असते, गोळ्या बुडवल्या असतील. म्हणून मीच तुमच्या वर्षाच्या चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. एक चुकलेली नाही. म्हणजे औषध सगळं पोटात गेलं, आणि गुण नाही. ही गोळी तुम्हाला लागू पडत नाही, रामजी. एक तारखेपासून ती बंद. तुमचं नाव इस्पितळातल्या खाटेच्या यादीत घातलंय."

"खाट कधी मिळेल?"

"वर्ष तरी लागेल."

 मग सुंदराबाई चुलीकडे बघत म्हणाली, "साहेब, समजा एखाद्याने गोळी पुरती घेतलीच नसली तर—"

"तर नाव कापतात. गेल्या महिन्यात एकाचं कापलं. स्वतःच्या गोळ्या धाकट्या भावाला देत होता. आता त्यालाही नाहीत, भावालाही नाहीत. खाटेची यादीसुद्धा गेली." प्रधानांनी रामजीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण हे तसले नव्हेत."

सुंदराबाईने पुन्हा तोंड उघडलं.

"गप रव गो," रामजी म्हणाला, आणि साहेबांकडे वळला. "सगळ्या घेतल्या साहेब. एक पण नाय चुकली."

गोळी बंद केल्याचा कागद प्रधानांनी पुढे केला, त्यावर त्याने सही केली. प्रधानांनी दारात चपला घातल्या.

"सगळे तुमच्यासारखे नियमित असते," ते म्हणाले, "तर माझं काम किती सोपं झालं असतं."

त्यांची पावलं जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आली. मग कांताने परकराचा काठ तोंडातून काढला आणि ती बराच वेळ खोकत राहिली.

दिवेलागण झाली. सुंदराबाईने पुडी उघडली. अकरा गोळ्या होत्या. तिने एक उचलली आणि अडकित्त्यात तिचे दोन तुकडे केले. रामजीने आपली अर्धी कांतापुढे सरकवली.

"दोन्ही खा गो. माका लागू पडणा नाय ती. कचेरीच्या साहेबान सांगितल्यान." तो हसला. एकटाच हसला.

कांताने दोन अर्ध्यांकडे पाहिलं, मग पुडीतल्या दहा गोळ्यांकडे. शाळेत या आठवड्यात पावकीचा, म्हणजे पाव-पावचा, पाढा चालला होता.

तिने वडिलांची अर्धी उचलून त्यांच्या तळहातावर परत ठेवली. आईच्या हातातून अडकित्ता घेतला, आपली अर्धी त्यात धरली आणि दोन्ही हातांनी दाबून कातरली. एक पाव तिने तोंडात टाकला. दुसरा उद्यासाठी पुडीत ठेवला. मग पात्यावरची भुकटी बोटाने टिपली आणि तीही चाटून घेतली.