शिवेवरचं निरांजन

“थांब वं पोरी, ओवाळल्याबिगर कशी जाशीन?” शेवंतामावशी शिवेवर ताट घेऊन आडवी आली.

जग तापतंय, हे गावोगाव सांगत कुंदा नऊशे किलोमीटर सायकल चालवत आली होती. बाराच्या आत सायकल चालवतच समोरच्या शाळेपाशी पोचली, की देणगीदार गावाला उन्हाळ्यात जीव वाचवणारं गारघर देणार होते.

“नको मावशी! देणगीदारांनी लावलेली ही कपाळावरची पट्टी ताप मोजते, सायकलला जोडलीय. ताप दिसला की चाकं बंद!”

पण निरांजन फिरलंच. पट्टीला ती ऊब अंगातला ताप वाटली आणि चाकं आपोआप आवळली गेली, थेट संध्याकाळपर्यंत.

“सारे मिळून उचलून नेऊ ना!”

“उचलून नेलेलं देणगीदार धरत नाहीत, मावशी.”

मावशीनं ताट खाली ठेवलं. शाळेत बाराची घंटा झाली, तरी भाजलेल्या लेकराला घालावी तशी ती कुंदाच्या कपाळावर फुंकर घालत राहिली.