लाल कडं

लाकडाला लाल करणाऱ्या रंगात बुडवूनही काप याही वेळी लाल झाला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली खोडाची चकती फिकट, पाणीदार दिसत होती. सालीच्या आत जिथे लाकडाचं रुंद लाल कडं उमटायला हवं होतं, तिथे केसाएवढी गुलाबी रेघ होती. संशोधिकेने काचपट्टी काढून बाजूला ठेवली.

या वाणाच्या झाडांना लाकूड धरतच नसे. लाकूड घडवायला लाग, असं झाडाला सांगणारं जनुक त्यांच्यात बिघडलेलं होतं. तिने ते दुरुस्त करून परत बसवलं होतं. ते जागेवर आहे, हे तपासूनही झालं होतं. तरी खोडं मऊची मऊच. उद्या समिती येणार होती. लाल काप दाखवता आला नाही, तर हरितगृह दुसऱ्या कुणाला मिळणार आणि रोपं भट्टीत जाणार.

तिने जपण्यात काही कसर ठेवली नव्हती. प्रत्येक रोप काठीला बांधलेलं, खिडक्या घट्ट लावलेल्या. पोटच्या पोरालाही कुणी इतकं जपत नाही.

तपासायचं राहिलं होतं ते फक्त दाराजवळचं रोप. त्याची काठी मोडली होती आणि त्याला सारखा धक्का बसे, म्हणून तिने ते प्रयोगातून बाद केलं होतं. धक्का देणाऱ्या तिच्या सासूबाई. रोज संध्याकाळी त्या तिला घरी न्यायला येत. अंगाने भरलेल्या, आणि दार अरुंद.

“आई, जरा सांभाळून. रोप आहे ते,” ती म्हणे.

“मग मी काय वारा आहे? तुझी झाडं उभी आहेत गं रांगेत, नवरा मात्र घरी आडवा पडलाय. चल.”

रिकामं बसवेना, म्हणून तिने त्या रोपाची एक फांदी कापायला घेतली. पातं अडलं. तिने जोर दिला. काप रंगात बुडवला, काचपट्टी सरकवली, डोळा लावला.

लाल. पिकल्या डाळिंबासारखं भरगच्च कडं. एकेक पेशी आतून भिंत चढवून बसलेली, शेजारणीला खेटून, कुठे फट म्हणून नाही. एवढं बांधकाम कधी झालं, कुणाला चाहूलही लागली नव्हती. ती किती तरी वेळ तशीच वाकून बघत राहिली. तेच जनुक, तीच माती, तेच पाणी. मग यालाच का?

दार करकरलं. सासूबाई आत आल्या. रोप कलंडलं, डोललं आणि सावकाश पुन्हा सरळ झालं.

तिची नजर त्या रोपावरच खिळली. जनुक सगळ्यांतच होतं. पण ज्याला कधी कुणी हलवलंच नाही, त्याने लाकूड करावं कशासाठी?

“अशी काय बघतेस? आज हळूच लागला धक्का,” सासूबाई म्हणाल्या.

ती कात्री घेऊन रांगेत शिरली आणि दोऱ्या कापू लागली. एक रोप वाकलं. दुसरं वाकलं.

“अगं, पडतील ती. उद्या माणसं यायचीत ना?”

“येऊ देत. त्यांना दारातलं दाखवते. आई, तुम्ही तेवढी ती खिडकी उघडा.”

सासूबाईंनी पदर खोचला आणि खिडकी ढकलली. वारा आत आला, आणि त्या हरितगृहात पहिल्यांदाच पानांचा आवाज झाला.