डावीकडून तिसरा जोड

"शेवटचा पूल. जनाया टिलमन," लिंडक्विस्ट मॅडमनी पुकारलं आणि कामावरून आत्ताच येऊन मागच्या बाकावर बसलेल्या रॉस्को टिलमनने डोक्यावरची कॅप काढून मांडीवर ठेवली.

जनायाने पूल दोन्ही तळव्यांवर तोलत आणला. हातभर लांबीचा, नुसत्या कच्च्या स्पॅगेटीच्या काड्या आणि गोंद. मॅडमनी तो काट्यावर ठेवला. "सातशे चव्वेचाळीस ग्रॅम."

"घरी सातशे अडतीस होता," जनाया म्हणाली.

"बाल्टिमोरचा दमट जुलै आहे बाई. काड्यासुद्धा पाणी पितात. साडेसातशेच्या आत आहे ना? मग चढव."

रॉस्को खिडकीबाहेर पाहू लागला. काड्यांनी पाणीबिणी काही प्यायलं नव्हतं. काल पहाटे गोदीवर निघताना त्याला स्वयंपाकघरात वाळत ठेवलेला हा पूल दिसला होता, आणि त्याचा डावीकडून तिसरा जोड. कच्चा! सव्वीस वर्षं जहाजांच्या पोटात शिरून वेल्डिंग केलेला माणूस. कच्चा जोड दिसला की त्याला पुढे चहाकॉफी सुचत नाही. गोंदाच्या नळ्या शेजारीच पडल्या होत्या. पोरगी झोपलेली. चार मिनिटांचं काम. ते उरकून तो शीळ घालतच गाडीत बसला होता.

"काही पालक उशिरा आलेत, म्हणून नियम पुन्हा सांगते," मॅडम म्हणाल्या. "तुमची मुलं अजून शाळेत आहेत, पण हे पाच आठवडे आम्ही त्यांना कॉलेजचं इंजिनिअरिंग शिकवलं आणि गुणही कॉलेजचेच देणार. पूल किती पेलतो याला गुण नाहीत. तो कुठे तुटेल आणि किती वजनाला, हे प्रत्येकाने गणित करून पाकिटात लिहून दिलंय. गुण त्याचे. आणि पुलाला बाहेरच्या कुणाचा हात लागला असेल तर तो बाद. सरळ शून्य."

"घ्या! मोडल्याचे मार्क," शेजारची बर्निस रॉस्कोच्या कानाशी खुसखुसली. ती बस चालवायची. तिच्या मुलाचा पूल मघाशीच बरोबर सांगितल्या ठिकाणी तुटला होता. "आमच्या घरात रोज काही ना काही मोडतं. आम्ही सगळे इंजिनिअर म्हणायचे."

रॉस्कोला हसू आलं नाही. बी ग्रेड मिळाली तर कॉलेजची तीन क्रेडिट आणि त्यांच्या जोरावर शिष्यवृत्तीचा अर्ज. सी मिळाली तर नुसता टी-शर्ट, असं जनायाने जेवताना सांगितलं होतं. "आता सगळं पुलावर आहे, डॅडी." त्यावरून त्याने एवढाच अर्थ काढला होता की पूल मजबूत हवा. तो जोड तिने मुद्दाम कच्चा ठेवला होता हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. पाकिटात काय लिहिलंय, ते त्याला न उघडता कळलं.

बोलावं तर शून्य. न बोलावं तर तो जोड तुटायला हवा, आणि रॉस्कोने केलेला जोड आजवर एकदाही तुटला नव्हता.

पुलाला बादली टांगली. जनाया एकेक किलोचं वजन हलक्या हाताने आत सोडू लागली. अठरा. एकोणीस. विसाला ती जराशी मागे सरकली. एकवीस. बावीस टाकून तिने डोळे मिटले.

पूल उभा.

'तूट,' रॉस्को मनातल्या मनात म्हणाला. 'तूट की रे बाबा.'

तेवीस. पंचवीस. मुलं टाळ्या वाजवायला लागली. अठ्ठावीस. वर्गात आजवर एवढं कुणी पेललं नव्हतं. जनाया वजनं टाकत होती, पण तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एकतिसाला काड्कन आवाज झाला आणि पूल उजवीकडून खचला. मुलांनी बाकं बडवली.

मॅडमनी पाकीट फोडलं. वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"डावीकडून तिसरा जोड, बावीस किलो," त्या सावकाश म्हणाल्या. "सगळ्यात भक्कम पूल तुझा, जनाया. पण तुझं गणित एक सांगतंय आणि पूल भलतंच करतोय. तो जोड का टिकला, सांगता येईल तुला? नीट कारण दिलंस तर अजून निम्मे गुण देता येतील मला."

जनायाने तुकड्यांतून तिसरा जोड उचलला. उजेडाकडे धरला. गोंद एकावर एक खवल्यांसारखा चढवलेला, शेवटाला डावीकडे वळलेली बारीक शेपटी. घराच्या जिन्याच्या लोखंडी कठड्यावर, वेल्डिंगच्या जोडांना हेच खवले होते. तिच्या लहानपणच्या झोपाळ्यावर हीच शेपटी होती.

तिने मान वर करून मागच्या बाकाकडे पाहिलं. रॉस्को अर्धवट उठला होता. तोंड उघडलं होतं त्याने. तिने अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही इतकीच, मान हलवली. नको.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "नाही सांगता येत."

जोड तिने मुठीत घेतला आणि दाराजवळच्या खोक्यातून आपल्या मापाचा टी-शर्ट शोधू लागली.

बर्निसने रॉस्कोच्या पाठीवर थाप मारली. "गुणांचं काय घेऊन बसलास? एकतीस किलो! पोरीचे हात तुझ्यावर गेलेत बघ."

रॉस्को खाली बसला. कॅप मांडीवरून पडली होती, ती त्याने उचलली नाही. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली घातले आणि त्यांवर तसाच दाबून बसून राहिला.