मधली भिंत

तिच्यावर नवऱ्याचा हात उठला की शेजारची मावशी बत्त्याने मधली भिंत ठोकायची. लोकांत शोभा नको म्हणून तो चरफडत हात आवरायचा.

गेल्या वर्षी तो तिला दूरच्या एका शांत बेटावर फिरायला घेऊन गेला. टोकाची खोली, आसपास चिटपाखरू नाही. तिथे त्याने तिला गुरासारखं बडवलं, एक दात पाडला आणि परत आल्यावर ज्याला त्याला सांगत सुटला, "काय शांतता आहे हो तिथे!"

यंदा पुन्हा तिथेच जायचा हट्ट तिने धरला. खोलीसुद्धा तीच हवी म्हणाली. नवरा खुशीत तिकिटं काढायला गेला, तशी मावशी धावत आली.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिथे भिंत कोण ठोकणार?"

मासळीच्या कारखान्यात ती रोज ज्या सुरीने मासे कापायची, ती सुरी तिने टॉवेलात गुंडाळली आणि बॅगेच्या तळाशी सरकवली.



"कोणीच नाही, म्हणून तर जातेय. इथे तुम्ही भिंत ठोकलीत, तर माझाही हात थांबेल ना, मावशी!"